मालिशवाल्या मावशी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे बाळंतपणानंतर सव्वा महिना घरी येणारी बाई. पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर पालथे घेऊन तेल चोळते, न्हाऊ घालते. मग बाळंतिणीचे अंग रगडणे, शेक. यातले काही काम (मालीश वगळून) आता ‘पोस्टपार्टम डूला’, म्हणजे बाळंतपणानंतर घरी मदतीला येणाऱ्या बायका, करतात. अमेरिकेतली ‘डोना इंटरनॅशनल’ (स्थापना १९९२) त्याचे प्रमाणपत्र देते. भारतात नर्सला नोंदणी सक्तीची, डूलाला किंवा मावशींना नाही. मावशींना काम मिळते ते शेजारणीच्या शब्दावर, आणि आम्हाला त्यात गैर वाटत नाही. मात्र बाळाच्या नाका-कानांत तेल सोडणे व बंद खोलीत ओवा-शेपांची धुरी देणे डॉक्टर वर्ज्य मानतात. वाचकांनी तेवढे अनुकरण टाळावे. —संपा.