ध्वनिउत्सर्जन परीक्षण (संमिश्र पदार्थांचे)

संमिश्र पदार्थावर भार पडत असताना आत राळ (रेझिन) तडकली, तंतू तुटला किंवा दोन थर एकमेकांपासून सुटले, तर त्या क्षणी थोडी ऊर्जा मोकळी होऊन लहरींच्या रूपाने पसरते. या लहरी पृष्ठभागावर टिपून नुकसानाचा माग घेण्याच्या पद्धतीला ध्वनिउत्सर्जन परीक्षण म्हणतात. त्यासाठी वस्तू कापावी वा मोडावी लागत नाही.

सिंधुदुर्गात सर्वांच्या ओळखीचा संमिश्र पदार्थ म्हणजे मालवण, देवबाग, वेंगुर्ले या किनाऱ्यांवरच्या होड्यांचे ‘फायबर’. साच्यात आधी जेलकोट हा बाहेरचा गुळगुळीत लेप लावतात. त्यावर काचतंतूंची मॅट अंथरून ती पॉलिएस्टर रेझिनने भिजवतात आणि रोलरने हवा काढत थरावर थर चढवतात. हवा अडकून राहिली की पुढे तिथेच थर सुटू लागतात. लोखंडी पत्रा पोचा पडून मार दाखवतो. फायबर मात्र वरून गुळगुळीत राहून आत सुटत गेलेले असू शकते. शेजारच्या गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेचे कवच लाकडी गाभ्यावर काचतंतू चढवून केलेले आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये याच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाकडी गाभ्याच्या अशा रचनेत गाभा आणि त्यावरची काचतंतूंची कातडी यांची पकड सुटणे हा आणखी एक धोका असतो.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा कवच ठोकून पाहता येते. घट्ट जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. ठोकण्यात आवाज आपण घालतो, त्यामुळे जुनी, निपचित पडलेली इजाही सापडते. ध्वनिउत्सर्जनात आवाज पदार्थ स्वतः काढतो. भाराविना पडून असलेला तडा काही बोलत नाही. म्हणून परीक्षणाच्या वेळी वस्तूवर भार द्यावाच लागतो.

ध्वनिउत्सर्जनाच्या लहरी साधारण २० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात, म्हणजे माणसाच्या कानापलीकडे. त्या टिपायला दाबविद्युत स्फटिकाचे संवेदक ग्रीस लावून पृष्ठभागावर बसवतात. १५० किलोहर्ट्झच्या आसपासचे संवेदक विशेष वापरात आहेत. संवेदक नीट बसले की नाही हे तपासण्याची रीत फार साधी आहे: पेन्सिलीचे ०.५ मिलिमीटर जाडीचे शिसे पृष्ठभागावर टेकवून मोडायचे. लाखमोलाच्या यंत्राची पारख शिशाच्या तुकड्याने होते! लहर कोणत्या संवेदकाला किती आधी पोचली यावरून उगमस्थान काढतात. संमिश्र पदार्थात हे अवघड जाते, कारण लहरीचा वेग तंतूंच्या दिशेप्रमाणे बदलतो आणि ती लवकर विरते. संवेदक जवळजवळ बसवावे लागतात. लहरीची उंची, कालावधी आणि वारंवारता यांवरून राळ तडकली की तंतू तुटला याचा अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो. एकाच प्रकारची इजा जाडीप्रमाणे आणि अंतराप्रमाणे वेगळी ऐकू येते.

जर्मनीच्या योझेफ कायझर यांनी १९५० मध्ये म्युनिकच्या प्रबंधात धातूंविषयी एक निरीक्षण मांडले: एकदा दिलेला भार पुन्हा दिला, तर पूर्वीची पातळी ओलांडेपर्यंत पदार्थ गप्प राहतो. इजा झालेला संमिश्र पदार्थ हा नियम पाळत नाही, तो आधीच कुरकुरू लागतो. पुन्हा आवाज सुरू होतानाचा भार भागिले पूर्वीचा कमाल भार, या भागाकाराला फेलिसिटी गुणोत्तर म्हणतात. ते १ च्या जितके खाली, तितकी इजा मोठी. फायबरच्या रासायनिक टाक्या याच तत्त्वावर तपासतात: टाकी टप्प्याटप्प्याने भरायची, मध्ये थांबायचे. भार स्थिर असतानाही आवाज चालूच राहिला, तर टाकीचे लक्षण ठीक नाही.

पवनचक्कीची पाती आणि तंतू गुंडाळलेल्या दाबटाक्या यांनाही ही पद्धत लावतात. चालत्या होडीवर मात्र ती नीट जमत नाही. लाटांचे तडाखे, इंजिनाची थरथर, पाऊस आणि जुन्या तड्याच्या कडांचे घर्षण, सगळेच संवेदकाला ऐकू येते आणि त्यातून खरा आवाज निवडावा लागतो. लहान होडीसाठी हा खर्च परवडण्याजोगाही नाही. तिथे हातोडी आणि तयार कान पुरेसे आहेत.