आयाम: एक शब्द, अनेक शास्त्रे

इंग्रजीतील ‘अँप्लिट्यूड’ला मराठी शालेय पुस्तकांत ‘आयाम’ म्हणतात. मराठी विश्वकोशात ‘परमप्रसर’ हा शब्द आढळतो. आपल्या सभासदांची अनेक मुले इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. त्यांच्यासाठी, तसेच ईसीजीची पट्टी घेऊन घरी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

मूळ अर्थ: हेलकावणारी वस्तू आपल्या स्थिर जागेपासून एका बाजूला जास्तीत जास्त जितकी सरकते, ते अंतर म्हणजे आयाम. झोपाळा मधल्या जागेपासून २ फूट पुढे आणि २ फूट मागे जात असेल, तर आयाम २ फूट, ४ नव्हे.

संगीत व ध्वनी: हुबळी-धारवाड ही गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांची कर्मभूमी. तंबोऱ्याची तार हलकेच छेडली किंवा जोराने, स्वर तोच राहतो. आवाज लहान-मोठा होतो. स्वर कंपनांच्या वारंवारतेवर ठरतो, आवाजाचा जोर आयामावर. आयाम दुप्पट झाला की ध्वनीची ऊर्जा चौपट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीच्या मांडवाजवळ मीटरने ७५ दाखवले, तर फरक केवळ २० चा वाटतो. प्रत्यक्षात हवेच्या दाबाचा आयाम १० पट आणि ऊर्जा १०० पट झालेली असते. लहान मुलांना ध्वनिवर्धकापासून दूर ठेवावे ते यासाठीच.

रेडिओ: धारवाड आकाशवाणी १९५० साली सुरू झाली. तिच्या मध्यम लहरींची वारंवारता ७६५ किलोहर्ट्झ. ती कायम ठेवून, निवेदकाच्या आवाजाप्रमाणे लहरींचा आयाम कमी-जास्त केला जातो. ‘एएम’ मधला ‘ए’ तो हाच. विजेच्या कडकडाटाने आयामातच गडबड होते, म्हणून वळवाच्या पावसात हे केंद्र खरखरते. एफएममध्ये वारंवारता बदलते, त्यामुळे तिथे ही खरखर कमी.

भूकंप: चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली मांडलेल्या मापनात एक अंक वाढला की तितक्याच अंतरावरील नोंदीचा आयाम १० पट होतो. बाहेर पडणारी ऊर्जा, अनुभवावरून बसवलेल्या सूत्राप्रमाणे, सुमारे ३२ पट होते.

वैद्यक: ईसीजीत साधारणपणे १० मिलिमीटर उंची म्हणजे १ मिलिव्होल्ट. पण कधी कधी नोंद निम्म्या प्रमाणात घेतात; मग लाटाही निम्म्या उंचीच्या दिसतात. दोन पट्ट्या शेजारी ठेवून घरीच निष्कर्ष काढू नये. प्रमाण पट्टीवर छापलेले असते, ते डॉक्टर पाहतात.

समुद्र व तारे: कारवारला भरती-ओहोटीच्या पातळीत समजा दीड मीटरचा फरक पडला, तर आयाम पाऊण मीटर. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत मात्र खगोलशास्त्रज्ञ सर्वाधिक आणि सर्वांत कमी तेजामधला संपूर्ण फरक आयाम म्हणून देतात.

गणित: अकरावी-बारावीच्या मुलांनी विशेष लक्ष द्यावे. संमिश्र संख्येचा ‘अँप्लिट्यूड’ म्हणजे लांबी नसून कोन असतो.

बँकेत आकडा ‘जमा’ आहे की ‘नावे’ हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. आयामाचेही तसेच आहे. तो कुठून कुठपर्यंत मोजला आणि कोणत्या प्रमाणात, हे आधी विचारावे. मगच आकड्याला घाबरावे किंवा निश्चिंत व्हावे.