सूर्यावर झेप घेणारा हनुमान वालीपुढे गप्प का?
अ‍ॅनिमेशनपटांतील कथेची भगदाडे आणि पात्रांचे हेतू

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत रामकथा ठाऊक नसलेले घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. पूर्वी ही कथा आजीच्या तोंडून, देवळातल्या प्रवचनातून किंवा कीर्तनातून मुलांपर्यंत पोहोचत असे. आता अनेक मुलांची तिच्याशी पहिली ओळख पडद्यावर होते. २१ ऑक्टोबर २००५ रोजी व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा 'हनुमान' हा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला. त्यानंतर पौराणिक अ‍ॅनिमेशनपटांची रीघ लागली. आणि त्यांच्याबरोबर मुलांचे प्रश्नही आले. बालपणी सूर्य गिळायला निघालेला हनुमान मोठेपणी वालीच्या भीतीने डोंगरावर लपलेल्या सुग्रीवाजवळ नुसता का बसून राहतो? तो लंकेपर्यंत गेलाच होता, तर सीतेला पाठीवर घेऊन परत का आला नाही?

हे प्रश्न पोरकट नाहीत. चित्रपटाच्या परिभाषेत त्यांना 'प्लॉट होल', म्हणजेच कथेतील भगदाड म्हणतात.

भगदाड कशाला म्हणावे?

पडद्यावरची प्रत्येक न पटणारी गोष्ट भगदाड ठरत नाही. वानर बोलतो किंवा पर्वत उचलतो, ही त्या जगाची रीत आहे आणि प्रेक्षकाने ती तिकीट काढतानाच मान्य केलेली असते. पात्राने केलेली चूक हेही भगदाड नव्हे. माणसे चुकतात, तशी पात्रेही चुकतात. कथेने स्वतः घालून दिलेला नियम कथेनेच कारण न देता मोडला, तर मात्र भगदाड पडते. जे सामर्थ्य पहिल्या प्रसंगात दाखवले, ते गरजेच्या वेळी का वापरले गेले नाही, याचे उत्तर कथेला द्यावेच लागते.

हे उत्तर बहुधा पात्राच्या हेतूत असते. 'हे का घडले?' या प्रश्नाचा उलगडा 'त्याला किंवा तिला काय हवे होते?' या प्रश्नातून होतो. हेतू गाळला की घटना शिल्लक राहते, पण तिचा अर्थ हरवतो.

रामाने विचारलेली शंका

हनुमान वालीपुढे गप्प का, ही शंका आजच्या मुलांची नाही. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात ती खुद्द रामच अगस्त्य ऋषींना विचारतो. एवढा पराक्रमी हनुमान सुग्रीव संकटात असताना स्वस्थ कसा राहिला, असा रामाचा रोख आहे. बालहनुमान ऋषींच्या आश्रमांत खोड्या काढू लागला, तेव्हा भृगू आणि अंगिरस यांच्या वंशातील ऋषींनी त्याला शाप दिला. कोणी आठवण करून देईपर्यंत त्याला स्वतःच्या बळाचे विस्मरण राहील, असा तो शाप होता, असे अगस्त्य सांगतात. त्यामुळेच किष्किंधाकांडाच्या अखेरीस समुद्रकाठी जांबवानाला त्याची जन्मकथा त्यालाच ऐकवावी लागते.

उत्तरकांड हा रामायणात मागाहून जोडला गेलेला भाग आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर या प्रसंगाला आणखी एक अर्थ येतो. ऐकणाऱ्यांना शंका आली आणि कथेने वाढून तिचे समाधान केले. आपल्या प्रवचनपरंपरेत 'शंका-समाधान' हा शब्द उगाच रूढ झालेला नाही. म्हणून शापाचा प्रसंग हे नुसते उपकथानक नव्हे. कथेचा तोल त्याच्यावर उभा आहे. तो गाळला, तर हनुमान भित्रा तरी दिसतो, नाही तर बेपर्वा तरी.

सीतेचा नकार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुंदरकांडात आहे. अशोकवनात हनुमान सीतेला पाठीवर बसवून नेण्याची तयारी दाखवतो. एवढासा वानर आपल्याला कसा नेणार, अशी शंका सीतेला येते, तेव्हा तो पर्वताएवढे रूप धारण करतो. तरीही सीता नकार देते. त्या वेगात आपण समुद्रात पडू. राक्षस पाठलाग करतील, मग हनुमान लढणार की आपल्याला सांभाळणार. स्वेच्छेने परपुरुषाचा स्पर्श आपल्याला मान्य नाही. आणि रामाने स्वतः येऊन रावणाचा पराभव करून आपल्याला न्यावे, तेच त्याला शोभेल, अशी कारणे ती देते.

पहिली दोन कारणे व्यवहाराची आहेत, पुढची दोन मूल्यांची. लहान मुलांच्या चित्रपटात हा संवाद लांबतो म्हणून त्याला कात्री लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण तो वगळला, तर युद्ध का झाले याचे अर्धे उत्तर जाते. त्याहून मोठी हानी म्हणजे सीता ही निर्णय घेणारी स्त्री न राहता सुटकेची वाट पाहणारी बाहुली बनते.

रावणाच्या बाबतीतही असेच घडते. त्याने सीतेवर बळजबरी केली नाही, म्हणून त्याचे गोडवे गाणारे आज अनेक भेटतात. युद्धकांडात मात्र रावण स्वतःच कारण सांगतो. पूर्वी एका अप्सरेवर केलेल्या अत्याचाराबद्दल ब्रह्मदेवाने त्याला शाप दिला होता आणि त्या शापाची त्याला भीती आहे. हा दुवा वगळला की खलनायकाची भीती त्याचा सद्गुण ठरते.

पळवाट म्हणजे भगदाड नव्हे

अश्विन कुमार दिग्दर्शित 'महावतार नरसिंह' २५ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झाला. या कथेत हिरण्यकशिपूला मिळालेला वर अभेद्य वाटतो : मनुष्याकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्रानेही नाही. नरसिंह सायंकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी त्याचा वध करतो. येथे नियम मोडला जात नाही. तो अक्षरशः पाळूनच त्यातली पळवाट शोधली जाते. प्रेक्षकाला आधी नियम नीट कळला असेल, तरच हा शेवट रंगतो.

हेतूंची बांधणीही येथे पक्की आहे. वराह अवताराने भाऊ हिरण्याक्षाला मारले, म्हणून हिरण्यकशिपू विष्णूचा वैरी होतो. चित्रपटाने पूर्वार्धात वराहाची कथा घेतली आहे, त्याचे कारण हेच. असुराच्या घरी भक्त कसा जन्मला, याचेही उत्तर भागवताच्या सातव्या स्कंधात आहे. गरोदर कयाधू नारदाच्या आश्रयाला असताना प्रल्हादाने गर्भातच उपदेश ऐकला होता.

दुवे का निखळतात?

अ‍ॅनिमेशनमध्ये एका सेकंदासाठी २४ चौकटी लागतात. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्या 'रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम' या १९९२ च्या भारतीय-जपानी चित्रपटासाठी सुमारे १ लाख चित्रे हातांनी काढण्यात आली. हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. प्रत्येक मिनिटाची किंमत एवढी असताना कथेला कात्री लावावीच लागते. धावपळ आणि लढाई पडद्यावर देखणी दिसते. शांत बसून दिलेले कारण तसे दिसत नाही. त्यामुळे पहिला बळी संवादाचा जातो.

मूळ कथेबाहेर जाणाऱ्या चित्रपटांची जबाबदारी आणखी वाढते. अनुराग कश्यप यांच्या 'रिटर्न ऑफ हनुमान'मध्ये (२००७) हनुमान मानवी बालक होऊन पृथ्वीवर येतो. अशा नव्या कथेच्या मदतीला कोणताही ग्रंथ धावून येत नाही. तेथे नियम लेखकानेच घालायचे आणि त्यानेच पाळायचे.

कीर्तनकाराला समोरच्या श्रोत्याच्या चेहऱ्यावरची शंका दिसते आणि तो थांबून उलगडा करतो. पडद्याला ते जमत नाही. म्हणून चित्रपट संपल्यावर मुलाने 'असे का?' विचारले, तर 'देवाची गोष्ट आहे, विचारू नये' म्हणून त्याला गप्प करू नये. रामालाही तसाच प्रश्न पडला होता आणि अगस्त्यांनी त्याचे उत्तर दिले होते.