एच.आय.व्ही./एड्स : प्राथमिक ज्ञान, विलगीकरण आणि मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल

प्रस्तावना

एच.आय.व्ही. व एड्स या दोन संज्ञा सामान्य व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जातात. वस्तुतः एच.आय.व्ही. हा विषाणू होय, तर एड्स ही त्या विषाणूमुळे रोगप्रतिकारक शक्ती खालावल्यानंतर अनेक वर्षांनी येणारी अवस्था होय. हा भेद प्राथमिक स्वरूपाचा आहे. तथापि महाराष्ट्र व गोवा यांच्या अलीकडील सामाजिक इतिहासात तो न उमगल्याची किंमत प्रत्यक्ष माणसांना मोजावी लागली. मुंबई उच्च न्यायालयासमोर १९८९ मध्ये आलेले एक प्रकरण आणि त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेला एक निकाल यांच्या आधारे या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषाणूचे स्वरूप व संक्रमण

जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांमध्ये आढळलेल्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी विषाणू वेगळा केला, १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली आणि १९८६ मध्ये एच.आय.व्ही. हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी चेन्नई येथे डॉ. सुनीती सोलोमन व डॉ. निर्मला यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले संसर्ग उघडकीस आले.

हा विषाणू रक्तातील सी.डी.४ या पेशींवर आघात करतो. आपल्या आर.एन.ए.चे रूपांतर डी.एन.ए.मध्ये करून तो पेशीच्या जनुकीय रचनेत मिसळतो. त्यामुळे त्याला शरीरातून पूर्णतः हद्दपार करणे कठीण ठरते. उपचार न घेतल्यासही बाधित व्यक्ती कित्येक वर्षे लक्षणांविना जगू शकते. एका घनमिलिमीटर रक्तातील सी.डी.४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेली किंवा विशिष्ट संधिसाधू आजार जडले, की त्या अवस्थेस एड्स म्हणतात. भारतात अशा आजारांत क्षयरोगाचे स्थान प्रमुख आहे. रक्त, लैंगिक संबंध, दूषित सुई आणि मातेकडून अपत्याकडे हे संक्रमणाचे मार्ग आहेत. हवा, स्पर्श, भांडी किंवा डास यांमधून तो पसरत नाही. एलायझा चाचणी विषाणूचा नव्हे तर त्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते, म्हणून संसर्गानंतरचे काही आठवडे ती नकारात्मक येऊ शकते. यास ‘विंडो पिरियड’ म्हणतात.

यांपैकी बहुतेक बाबी १९८६-८७ पर्यंत वैद्यकशास्त्रास ज्ञात झाल्या होत्या. त्यांतून एक निष्कर्ष सहज निघतो : बाधित व्यक्तीला खोलीत कोंडल्याने संसर्ग थांबत नाही, कारण ती बाहेर वावरल्यानेही कोणास संसर्ग होत नाही.

जुना साचा

तरीही शासनयंत्रणेने प्रथम कोंडण्याचाच मार्ग निवडला. याची मुळे पूर्वेतिहासात आहेत. १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर १८९७ चा साथरोग कायदा आला. त्याच वर्षी पुण्यात घराघरांची झडती व सक्तीचे विलगीकरण झाले आणि त्या रोषातून रँडची हत्या घडली. १८९८ च्या कायद्याने भिक्षा मागणाऱ्या कुष्ठरुग्णांस ताब्यात घेऊन आश्रमात ठेवण्याची तरतूद केली. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. विदर्भातील वाचकास या संदर्भात अमरावतीचे तपोवन व वरोऱ्याचे आनंदवन आठवल्यावाचून राहणार नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन व बाबा आमटे यांनी या रुग्णांना श्रम व सन्मान मिळवून दिला. मात्र त्यासाठी वेगळी वसाहत उभारावी लागली, कारण गाव त्यांना सामावून घेण्यास तयार नव्हते. प्लेग, कुष्ठरोग व क्षयरोग यांच्या अनुभवातून घडलेल्या या साच्यात नवा विषाणूही बसविला गेला. महाराष्ट्राच्या एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय वडाळ्याच्या ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारातच आले, हा योगायोगही बोलका आहे.

१९८९ : डॉमिनिक डिसोझा

गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, १९८५ यामध्ये दुरुस्ती करून एच.आय.व्ही. बाधितांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनास देण्यात आला होता. डॉमिनिक डिसोझा हा वन्यजीव संरक्षण संस्थेत काम करणारा तरुण नियमित रक्तदाता होता. रक्तदानातूनच त्याचा संसर्ग उघड झाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यास ताब्यात घेतले आणि म्हापसा येथे वापरात नसलेल्या क्षयरोग आरोग्यधामात पहाऱ्यात ठेवले. हा बंदिवास ६४ दिवस चालला. येथे वास्तूचा तपशील महत्त्वाचा आहे. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगासाठी बांधलेल्या इमारतीत, श्वासावाटे न पसरणाऱ्या विषाणूचा वाहक म्हणून एका निरोगी दिसणाऱ्या माणसास डांबले गेले.

त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने विलगीकरणाचे परिणाम गंभीर असल्याचे मान्य केले. परंतु व्यक्तीचा हक्क व समाजाचे हित यांत संघर्ष उद्भवल्यास समाजहित वरचढ ठरते, या भूमिकेतून ती तरतूद वैध ठरविली. मुळात असा संघर्ष होता काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. एकट्या माणसास कोंडल्याने समाजाचे कोणते हित साधले, हे वैद्यकीय पुराव्याने दाखविणे शासनास अवघड गेले असते. जनमताच्या दबावामुळे सक्तीची ही तरतूद पुढे ऐच्छिक स्वरूपाची झाली. डॉमिनिकचे १९९२ मध्ये निधन झाले.

१९९७ : एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.

दुसरे प्रकरण मुंबईतील एका हंगामी कामगाराचे आहे. तपासणीत तो कामास तंदुरुस्त ठरला होता. केवळ एलायझा चाचणी सकारात्मक आल्याने सार्वजनिक क्षेत्रातील महामंडळाने त्यास कामापासून वंचित केले. ओळख उघड झाल्यास समाजातून बहिष्कृत होण्याची भीती असल्याने न्यायालयाने त्यास एम.एक्स. या नावाने दाद मागू दिली. काम करण्याची क्षमता असून सहकाऱ्यांना धोका नसताना केवळ संसर्गाच्या कारणावरून रोजगार नाकारणे हे राज्यघटनेच्या कलम १४ व २१ चा भंग ठरते, असा निर्णय न्यायालयाने दिला. येथे निकालाचा पाया भावनेत नसून संक्रमणाच्या मार्गांच्या ज्ञानात आहे. विषाणूविषयीची मूलभूत माहिती आठ वर्षांत बदललेली नव्हती. तिचे वाचन बदलले होते.

हा प्रवास सरळ रेषेत मात्र झाला नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचे म्हटले; २००२ मध्ये त्या विधानाची व्याप्ती आवरती घेण्यात आली.

औषधे व कायदा

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेस रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केला. पाश्चात्त्य देशांत तो दहा हजार डॉलरांच्या पुढे होता. १ एप्रिल २००४ पासून निवडक शासकीय रुग्णालयांत मोफत ए.आर.टी. उपचार सुरू झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात, लवकर उपचार घेतल्यास जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे आढळले. पुणे हे त्या अभ्यासाच्या केंद्रांपैकी एक होते. म्हणजे संसर्ग रोखण्याचे जे काम आरोग्यधामाच्या भिंती करू शकल्या नाहीत, ते नियमित घेतलेली गोळी करते.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचार यांतील भेदभावास बंदी केली. विलगीकरणाचा अंतर्भावही भेदभावात केला. शंभर वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे त्यात बंधनकारक आहे. यवतमाळलगतच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत ही अट कितपत पोहोचते, हा स्थानिक अभ्यासाचा विषय आहे. भेदभावबंदीला मात्र शंभराची अट नाही. याच कायद्याच्या कलम ३४ ने टोपणनावाने दाद मागण्याची सोय केली आहे. १९९७ च्या निकालातील कामगाराचे नाव न्यायालयीन नोंदींत आजही एम.एक्स. एवढेच आहे.