मोलकरणीला सापडलेला तारा



चंद्राला खळं पडलेलं आपण पाहतो. आपल्या आकाशगंगेलाही खळं आहे, पण ते ताऱ्यांचं. आकाशगंगा भाकरीसारखी चपटी, आणि तिच्या चहूबाजूंनी लांबवर विखुरलेले म्हातारे तारे. आपण बसलोय त्याच्या आत. मग आकार मोजायचा कसा? त्यासाठी आज ज्या जातीचे तारे वापरतात, त्या जातीला नाव मिळालं एका मोलकरणीला सापडलेल्या ताऱ्यावरून.

विल्यमिना फ्लेमिंग. जन्म १८५७, स्कॉटलंडमधलं डंडी. नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेल्या, तिथं पोटुशी असताना त्यानं सोडलं. एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी काम धरलं. पिकरिंग हार्वर्ड वेधशाळेचे प्रमुख. १८८१ मध्ये त्यांनी बाईंना वेधशाळेत घेतलं. आकाशाचे फोटो तेव्हा काचेवर काढत. त्या काचा भिंगाखाली धरून एकेक ठिपका तपासायचा, हे काम. पुढं तिथल्या बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख झाल्या.

स्वरमंडळ तारकासमूहात त्यांना एक तारा साडेतेरा तासांत मंद-तेज होताना आढळला. १९०१ मध्ये तो जाहीर झाला, नाव आरआर लायरी. तसले तारे सोलन बेली यांना तारागुच्छांत आधीच दिसले होते, पण जातीला नाव या ताऱ्याचं लागलं.

या ताऱ्यांचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त, आणि सगळ्यांचा मूळ उजेड जवळपास सारखा. गावात सगळ्या खांबांवर एकच बल्ब असेल, तर मिणमिणता दिसतो तो लांबचा. तसंच हे. १९१८ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी अशा ताऱ्यांच्या आधारानं अंतरं काढली, तेव्हा कळलं, आपला सूर्य आकाशगंगेच्या मधोमध नाहीच.

आता पगाराचं. फ्लेमिंगबाईंची १९०० सालची रोजनिशी आहे. त्यांना वर्षाला १५०० डॉलर, काही पुरुष मदतनिसांना २५००. साहेबांकडे विषय काढला, तर उत्तर मिळालं की बाईच्या मानानं हा पगार चांगलाच आहे. घरखर्च, मुलाचं शिक्षण, सगळं त्यांच्यावर. हे वाचून मला आपल्या मजुरीच्या दरांची आठवण झाली, दुसरं काय होणार!

२०१३ मध्ये युरोपनं गाया नावाची दुर्बीण अवकाशात सोडली. तिला असे अडीच लाखांवर तारे सापडले. त्यांच्यावरून दिसतं, की खळं चेंडूसारखं गोल नाही, आतल्या भागात दबलेलं आहे. त्यातले पुष्कळ तारे तर मूळचे आपले नव्हेतच. फार पूर्वी एक लहान आकाशगंगा येऊन आपल्यात मिसळली, तिचे ते.

दिवाळीच्या सुमारास रात्री आठला वायव्येकडं अभिजित तारा ठळक दिसतो. फ्लेमिंगबाईंचा तारा त्याच तारकासमूहात आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साधी दुर्बीण लागते.