समाधान की निमूटपणा?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत 'समाधान' या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. लोकांना असमाधानी करण्यात आमचा जन्म गेला, असा आमच्यावर जुना आरोप आहे. तो आम्ही नाकारीत नाही. शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते गिरणीच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. त्या शिक्षणात 'समाधान' हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो वरिष्ठांच्या तोंडून. पगारवाढ मागितली की उत्तर ठरलेले असे : आहे त्यात समाधान मानावे. तेव्हापासून या शब्दाचा आम्हांला तिटकारा होता. तो पुढे का कमी झाला आणि तरीही पुरता का गेला नाही, हे सांगण्यासाठी आज आम्ही उभे आहोत.

आधी विद्वान काय म्हणतात ते पाहू. एड डीनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली या विषयाची नीट मांडणी केली. सुख म्हणजे एकच वस्तू नव्हे, असे त्याचे सांगणे. माणूस स्वतःच्या आयुष्याचा एकंदर हिशेब कसा मांडतो, ही एक गोष्ट. आनंदाचे क्षण किती वेळा येतात, ही दुसरी. आणि दुःखाचे, चिंतेचे क्षण किती वेळा येतात, ही तिसरी. पुढच्याच वर्षी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच विधानांची एक मोजपट्टी तयार केली. प्रत्येक विधानाला एक ते सात गुण, म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५. हिशेब ज्याचा त्याने करायचा. मालकाने, सरकारने किंवा आमच्यासारख्या पुढाऱ्याने तो करायचा नाही, ही त्यातली आम्हांला आवडलेली गोष्ट.

मग असे दिसू लागले की, मन परिस्थितीला सरावते. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांची आणि अपघाताने पंगू झालेल्या २९ जणांची पाहणी झाली. लॉटरीवाले इतरांहून फारसे सुखी निघाले नाहीत. पंगू झालेले इतरांहून कमी सुखी होते, पण लोक समजतात तितके दुःखी नव्हते. हे वाचून कोणी म्हणेल, 'मग पगारवाढीचा खटाटोप कशाला? मन आपोआप सरावेल की!' याचे उत्तर आम्हांला दोन ठिकाणी सापडले : एक ऑस्ट्रियातल्या खेड्यात, आणि दुसरे आपल्या मंगळवेढ्यात.

व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव आहे. सारे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. १९२९–३० च्या मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक तेथे गेले आणि १९३३ साली त्यांचे पुस्तक निघाले. गावात ४७८ कुटुंबे. आता वेळच वेळ होता, म्हणून लोक जास्त वाचू लागले असतील, असे आपणांस वाटेल. घडले उलट. वाचनालयाची वर्गणी माफ झाली, तरी पुस्तकांची देवघेव दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुषांनी खिशात घड्याळ ठेवणे सोडले. मुख्य रस्ता ओलांडताना ते उगीच थांबत, उभे राहत. बायका मात्र लगबगीने चालत, कारण चूल काही बंद पडलेली नव्हती.

बारकाईने पाहिलेल्या १०० कुटुंबांचे त्यांनी चार वर्ग पाडले. १६ कुटुंबे न मोडलेली, ११ हताश, २५ पार खचलेली. उरलेली ४८, म्हणजे सर्वांत मोठा वर्ग, निमूट लोकांचा. या घरांत मुलांची काळजी घेतली जाई, घर झाडलेले असे. पण पुढचा बेत नाही, आशा नाही, आणि गरजा कापून कापून अगदी थोड्या उरलेल्या. आता मुद्द्याची गोष्ट ऐका. या निमूट लोकांना आपले तसे बरे चालले आहे, असे वाटत असे! न मोडलेल्या घरांत माणशी महिना मिळकत ३४ शिलिंग होती, निमूट घरांत ३०, हताश घरांत २५ आणि खचलेल्या घरांत १९. मनाच्या एका अवस्थेतून दुसरीत जायला चार-सहा शिलिंगांचा फरक पुरत होता. तेव्हा समाधान हे केवळ मनाचे कर्तृत्व, असे म्हणणाऱ्यांनी हा तक्ता जरूर पाहावा.

आता आपल्या गावाकडे येऊ. चोखोबा मंगळवेढ्याचे. परंपरा सांगते की, १३३८ साली येथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली, आणि ती बांधणाऱ्या मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गाडले गेले. नामदेव आले, त्यांनी अस्थी शोधून पंढरपुरास नेल्या आणि महाद्वाराशी समाधी दिली. आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो. कामगार चळवळीतला माणूस ती ऐकतो तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट दिसते : हा कामावर झालेला अपघाती मृत्यू आहे. ज्या गावकुसाच्या बाहेर ज्यांना राहायला लावले, तेच ते गावकूस बांधत होते.

चोखोबा समाधानी होते काय? त्यांच्या अभंगांत विठ्ठलाच्या प्रेमाचा निखळ आनंद आहे, आणि दाराबाहेर ठेवल्याची वेदनाही आहे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सारेच अभंग रचणारे. जात एक, दारिद्र्य एक, देव एक. तरी सूर निराळे. चोखोबा कधी आपले हीनपण पूर्वकर्माच्या माथी मारतात. कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो. सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न करते. एकाच छपराखाली मनाचा हिशेब इतका वेगळा होऊ शकतो. मनाचा भाग आहे, तो हा.

आणि चोखोबांचा आनंद खोटा नव्हता. नामदेवांसारखा सोबती होता, वारीची संगत होती, आपले म्हणणे चार माणसांत गाता येत होते, रोजच्या कष्टाला काही अर्थ होता. आजचे संशोधकही सुखाची कारणे सांगताना सोबत, अर्थ आणि मान यांचीच नावे घेतात. परंतु त्या आनंदाने भिंत तोलली नाही. पंढरपूरचे दारही उघडले नाही. ते उघडायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. मधे सहाशे नऊ वर्षे गेली. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. चोखोबांचा आनंद कमी न लेखता त्यांच्यावरचा अन्याय मोजावा, हे आम्हांला त्या अर्पणात दिसते.

आता थोडे आमच्याच चुकीविषयी. सोलापुरात १८७७ च्या सुमारास पहिली गिरणी उभी राहिली, आणि पुढे शहर भोंग्यावर उठू-निजू लागले. आमच्या हयातीत ते भोंगे एकेक करून थांबले. एक गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही देण्यांसाठी भांडलो, कोर्टात गेलो, वर्षे गेली, शेवटी थोडेफार पैसे मिळाले. साचेखात्यातला एक जुना कामगार त्या सर्व वर्षांत पहिल्या पाळीच्या वेळेला उठे, डबा घेई आणि बंद फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसे. पैसे मिळाल्याचे सांगायला आम्ही मोठ्या उत्साहाने त्याच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, "पैसं आलं भाऊ, चांगलं झालं. पन मानूस काय माघारी आला न्हाई."

ते वाक्य आम्हांला लागले. युनियनने त्याच्या पैशाचा हिशेब ठेवला होता, त्याच्या दिवसाचा ठेवला नव्हता. पुढे आमच्या वाचनात आले की, जर्मनीत २४ हजारांहून अधिक लोकांची १५ वर्षे पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. एरवी सरावणारे मन बेकारीला पुरते सरावत नाही. पुन्हा काम मिळाले तरी सरासरीने माणूस पूर्वीच्या समाधानावर परत येत नाही. याहोडाबाईंनी पुढे सांगितले तेही हेच : काम पगाराखेरीज दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे देते, दहाजणांच्या उद्योगात वाटा देते, समाजात ओळख देते. बाराव्या शतकात बिज्जलाच्या पदरी याच मंगळवेढ्यात कारभार केलेल्या बसवेश्वरांनी कामाला 'कायक' म्हणून पूजेची प्रतिष्ठा दिली आणि त्याला वाटून खाण्याच्या दासोहाची जोड दिली. दामाजीपंतांची कथाही हेच सांगते. दुष्काळात त्यांनी भुकेल्यांना उपदेश केला नाही, कोठार उघडले.

आम्हीही मग उशिरा शहाणे झालो. संध्याकाळी कचेरी उघडी ठेवू लागलो. जुने गिरणी कामगार तेथे बसून विडी कामगार बायांचे फंडाचे अर्ज भरून देऊ लागले. सर्वांचे भले झाले असे नाही. ज्याची कोणीतरी वाट पाहत होते, तो सावरला. लिंबाखाली बसणारा आमचा मित्र फक्त दोनदा आला.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. कोणी म्हणाले, 'मी समाधानी आहे,' तर त्याला खोटे पाडू नका. तो हिशेब त्याचा आहे. परंतु जवळ बसून विचारा, 'उद्या काय करायचा बेत आहे?' उत्तर आले, तर ते समाधान आहे. उत्तर आले नाही, तर तो निमूटपणा आहे, आणि तेथे आपले काम सुरू होते. गावकुसाचे काम करणाऱ्याला अभंग हवा, आणि भिंतही पक्की हवी. दोहोंपैकी एकच घे, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.