वीस वर्षं, आठ महिने

'होमवर्ल्ड २' हा गेम १६ सप्टेंबर २००३ रोजी बाजारात आला. 'होमवर्ल्ड ३' आला १३ मे २०२४ रोजी. मधलं अंतर वीस वर्षं आणि जवळपास आठ महिने. दुसरा भाग कॉलेजात असताना खेळलेला माणूस तिसरा भाग हातात पडेपर्यंत चाळिशीला टेकला होता. एवढ्या काळात मोबाईलवर साप खेळणारं जग पबजीपर्यंत पोचलं, आणि होमवर्ल्डचे हक्क फिरत फिरत चौथ्या नव्या मालकाच्या दारात गेले. तरी काही लोक वाट पाहत राहिले.

या वीस वर्षांत लोकांनी एकच वाट पाहिली असं वरून दिसतं. नीट पाहिलं तर ती दोन वेगवेगळ्या प्रकारची होती. पहिल्या सोळा वर्षांत कुणी कसलंच वचन दिलेलं नव्हतं. नंतरच्या पाच वर्षांत वचन होतं, तारीख होती, ट्रेलर होते. या दोन प्रतीक्षांनी माणसांकडून काय काय करून घेतलं, त्याची ही गोष्ट.

आधी गेम काय होता?

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात १९९७ साली 'रेलिक' नावाचा स्टुडिओ सुरू झाला. अ‍ॅलेक्स गार्डन हा त्याचा संस्थापक विशीतला होता. त्यांचा पहिलाच गेम 'होमवर्ल्ड' सप्टेंबर १९९९मध्ये 'सिएरा' या कंपनीने प्रकाशित केला.

हा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी प्रकारातला गेम. बुद्धिबळात तुमची खेळी झाली की समोरचा डोकं खाजवत बसतो. इथे कुणी कुणासाठी थांबत नाही. तुम्ही सैन्य उभारत असता त्याच वेळी शत्रूही उभारत असतो. तुम्ही क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळला असाल तर या घराण्याची थोडी ओळख तुम्हाला आहेच. त्या काळात या प्रकारात एज ऑफ एम्पायर्स आणि स्टारक्राफ्टचा दबदबा होता. या गेममध्ये खेळाडू आकाशातून खाली जमिनीकडे बघायचा, नकाशा सारवलेल्या अंगणासारखा सपाट असायचा.

होमवर्ल्डने जमीनच काढून टाकली. सगळं अवकाशात. शत्रू डावीकडून येईल, उजवीकडून येईल, तसाच वरून येईल आणि पोटाखालूनही येईल. कॅमेरा एखाद्या जहाजाला बांधून त्याच्याभोवती हवा तसा फिरवायचा. साध्या माऊसने तिन्ही मिती सांभाळायची ही पद्धत बसवणं, हेच तेव्हा मोठं काम होतं.

पण लोकांच्या मनात घर केलं ते कथेनं. खराक नावाच्या वाळवंटी ग्रहावर कुशान नावाचे लोक राहतात. त्यांना वाळूत गाडलेलं एक प्राचीन जहाज सापडतं. त्यात एक दगड, दगडावर आकाशगंगेचा नकाशा आणि एक शब्द: हीगारा. म्हणजे घर. आपण इथले नाहीच, हे कळल्यावर सगळा ग्रह एक प्रचंड मदरशिप बांधायला घेतो. तिचं सुकाणू धरायला कॅरन स्जेट ही शास्त्रज्ञ स्वतःचं शरीरच जहाजाला जोडून घेते. पहिली चाचणी यशस्वी होते आणि जहाज परत येतं तेव्हा खराक पेटलेला असतो. हजारो वर्षांपूर्वीचा, सगळे विसरून गेलेले असा एक करार त्यांनी नकळत मोडलेला असतो आणि त्याची शिक्षा झालेली असते. उरलेली सहा लाख माणसं कक्षेतल्या शीतपेट्यांमध्ये झोपलेली आहेत. तेवढाच आता त्यांचा वंश.

या प्रसंगी गेममध्ये ढोल-ताशे नाहीत. सॅम्युअल बार्बर या अमेरिकन संगीतकाराच्या 'अडाजिओ'चं समूहगान संथपणे वाजत राहतं, आणि एक आवाज जवळजवळ सपाट सुरात काय घडलं ते सांगतो. हा प्रसंग जेमतेम तिसऱ्या मिशनमध्ये येतो. पंचवीस वर्षांनंतरही गेमच्या इतिहासावरच्या चर्चेत त्याचा उल्लेख होतो.

आणखी एक गोष्ट. या प्रकारच्या बहुतेक गेममध्ये एक लढाई जिंकली की पुढची शून्यातून सुरू होते. होमवर्ल्डमध्ये तुमचा ताफा पुढच्या मिशनमध्ये तुमच्यासोबत येतो. वाचवलेलं जहाज वाचलेलं राहतं, गमावलेलं कायमचं जातं. त्यामुळे खेळाडू हिशेबी आणि थोडा हळवा होतो. पुढे याच खेळाडूंनी जे केलं, त्याची सवय बहुधा इथेच लागली.

वचनाशिवायची वाट

२००० साली 'कॅटॅक्लिझम' हा जोडभाग आला, तो व्हँकुव्हरच्याच 'बार्किंग डॉग' स्टुडिओने केला होता. मग २००३मध्ये 'होमवर्ल्ड २'. त्यानंतर शांतता.

२००४मध्ये रेलिकला 'टीएचक्यू' या प्रकाशकाने विकत घेतलं. होमवर्ल्डचे हक्क मात्र तेव्हा दुसऱ्याच कंपनीकडे होते. ते काही वर्षांनी टीएचक्यूकडे आले, पण तोवर रेलिक दुसऱ्या महायुद्धावरच्या आणि वॉरहॅमरच्या गेममध्ये गुंतली होती. तिसऱ्या भागाची घोषणा नाही, नकारही नाही.

या काळात चाहत्यांनी काय केलं? जाताजाता २००३मध्ये रेलिकने पहिल्या होमवर्ल्डचा सोर्स कोड नोंदणी केलेल्या हौशी प्रोग्रॅमरना खुला केला होता. त्यांनी तो लिनक्सवर आणि मॅकवर चालता केला. दुसऱ्या भागात लोकांनी स्वतःची जहाजं, स्वतःची युद्धं घातली. कुणी स्टार वॉर्सचे ताफे आणले, कुणी बॅटलस्टार गॅलॅक्टिकाचे. नवा विंडोज आला की जुना गेम बिघडायचा, मग कुणीतरी रात्र जागून तो दुरुस्त करायचा आणि बाकीच्यांसाठी फुकट ठेवायचा. यातल्या कुणालाही पगार नव्हता.

मराठीत 'वाट' हा शब्द रस्त्यालाही आहे आणि प्रतीक्षेलाही. वाट पाहणारा मुळात रस्त्याकडे डोळे लावून बसलेला असतो. होमवर्ल्डच्या लोकांनी नुसतं बघण्याऐवजी तो रस्ता झाडून ठेवला.

हे काम किती मोलाचं होतं, ते कॅटॅक्लिझमच्या नशिबावरून कळतं. पुढे जुने गेम नव्याने सजवायची वेळ आली तेव्हा त्याचा मूळ सोर्स कोड सापडलाच नाही. २०१७मध्ये जुना गेम आहे तसाच पुन्हा विक्रीला आला, तोही 'इमर्जन्स' या बदललेल्या नावाने. कंपन्यांच्या कपाटातून वस्तू हरवतात. लोकांच्या संगणकांवर त्या टिकून राहण्याची शक्यता थोडी जास्त असते.

लिलाव

डिसेंबर २०१२मध्ये टीएचक्यूने दिवाळखोरी जाहीर केली. जानेवारीत तिचे तुकडे विकले गेले. रेलिक स्टुडिओ जपानच्या 'सेगा'ने २ कोटी ६६ लाख डॉलरला घेतला. होमवर्ल्ड मात्र त्या व्यवहारात नव्हता. आई एका घरी गेली आणि मूल लिलावात राहिलं.

तेव्हा चाहत्यांमधून निघालेल्या एका लहानशा गटाने तो गेम स्वतःच विकत घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी इंटरनेटवर वर्गणी गोळा केली. जमलेले पैसे लिलावाच्या आकड्यापुढे किरकोळ होते. एप्रिल २०१३मध्ये अमेरिकेतल्या 'गिअरबॉक्स' कंपनीने साडेतेरा लाख डॉलरला होमवर्ल्ड घेतला. त्या बाजारात ही रक्कम मोठी नव्हती. हिशेबाच्या कागदावर हा एक जुना, पडून असलेला माल होता. त्याला काही किंमत शिल्लक होती, ती बिनपगारी लोकांनी तो दहा वर्षं जागता ठेवल्यामुळे.

गिअरबॉक्सने पुढे दोन चांगल्या गोष्टी केल्या. एक, फेब्रुवारी २०१५मध्ये दोन्ही गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती काढली आणि सोबत मूळ आवृत्त्याही दिल्या. पहिला गेम दुसऱ्याच्या इंजिनवर बसवल्यामुळे त्यातले काही बारकावे गेले होते. छोट्या लढाऊ विमानांचं इंधन संपायचं ते आता संपत नव्हतं, व्यूहरचना पूर्वीसारखी टिकत नव्हती. जुन्या खेळाडूंनी हे लगेच पकडलं आणि पुढच्या वर्षी मोठं अपडेट देऊन त्यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारल्या गेल्या.

दुसरी गोष्ट आणखी रंजक. व्हँकुव्हरमध्ये 'ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्ह' हा स्टुडिओ होता. त्यात पहिल्या होमवर्ल्डचा कलादिग्दर्शक रॉब कनिंगहॅम आणि रेलिकची इतर जुनी मंडळी होती. ते वाळवंटात फिरणाऱ्या अवाढव्य यंत्रांचा एक स्वतंत्र गेम करत होते. जाणकारांना त्यात होमवर्ल्डचा चेहरा दिसत होता, फक्त नाव लावायला परवानगी नव्हती. गिअरबॉक्सने ती दिली आणि जानेवारी २०१६मध्ये तो 'डेझर्ट्स ऑफ खराक' म्हणून आला: मूळ कथेच्या आधीची कथा, ग्रह जळण्यापूर्वीची.

तारखेची वाट

३० ऑगस्ट २०१९ रोजी 'होमवर्ल्ड ३'ची घोषणा झाली. काम ब्लॅकबर्डकडे. सोबत 'फिग' या संकेतस्थळावर लोकवर्गणीची मोहीमही होती. गेमसाठी पैसा आधीच उभा होता, चाहत्यांना सामील करून घेण्यासाठी ही मोहीम आहे असं सांगण्यात आलं. गेम येणार होता २०२२च्या अखेरीस.

इथे प्रतीक्षेचा स्वभाव बदलला. २०१३मध्ये लोकांनी वर्गणी काढली होती ती गेम वाचवायला. २०१९मध्ये लोक पैसे देत होते ते रांगेत पुढे उभं राहायला. पहिल्या वर्गणीत ते मालक होऊ पाहत होते, दुसरीत ग्राहक झाले.

मग तारखा सरकू लागल्या. २०२२ची अखेर गेली, २०२३चा पूर्वार्ध आला. तोही गेला, फेब्रुवारी २०२४ आला. मग ८ मार्च. फेब्रुवारीत एका मोडचा डेमो लोकांच्या हाती दिला गेला, त्यावर तक्रारी आल्या, आणि त्या दुरुस्त करण्यासाठी गेम १३ मेवर गेला. ही शेवटची दिरंगाई खरं तर चांगली म्हणायची, कारण त्यात वाट पाहणाऱ्यांचं ऐकून घेतलं होतं.

वरच्या मजल्यावर तोवर वेगळाच खेळ चालू होता. २०२१मध्ये स्वीडनच्या 'एम्ब्रेसर'ने गिअरबॉक्स विकत घेतली होती. मार्च २०२४मध्ये, गेम यायला दोन महिने नसताना, ती 'टेक-टू'ला विकत असल्याचं एम्ब्रेसरने जाहीर केलं. कॅटॅक्लिझम करणारा बार्किंग डॉग स्टुडिओही २००२मध्ये टेक-टूनेच घेतला होता. बावीस वर्षांनी होमवर्ल्ड त्याच उंबऱ्यावर येऊन पोचला. कुणी ठरवून केलं नव्हतं, बाजारात माल असा फिरतो.

घर आलं, पण

गेम आला. देखणा होता. पहिल्या भागाचा संगीतकार पॉल रस्के याचंच संगीत होतं. पण स्टीमवर खेळाडूंचा कौल संमिश्र राहिला. मुख्य तक्रार कथेबद्दल होती. पहिल्या गेममध्ये एका अख्ख्या समाजाचं घर हरवलं होतं. इथे दोन-चार व्यक्तींच्या आमनेसामने संवादातून गोष्ट पुढे सरकते, आणि ज्यांच्यासाठी लढायचं ती माणसं मागे राहतात, असं अनेकांना वाटलं. मोहीम आखूड वाटली. पहिल्या वर्षासाठी आखलेली पुढची भर आवरती घेतली गेली आणि २०२४ संपता संपता शेवटचं मोठं अपडेट देऊन काम थांबलं.

हा दोष पूर्णपणे स्टुडिओच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो गेम प्रत्येकाच्या डोक्यात आधीच तयार होता, आणि प्रत्येकाचा वेगळा. त्याच्याशी स्पर्धा कोण करणार? शिवाय ब्लॅकबर्डच्या लोकांनीही तीच वाट पाहिली होती. त्यांच्यातले काही जण तर पहिल्या खराकचे कर्ते होते. तरीही तक्रार नुसती हळवेपणाची नव्हती. जुन्या खेळाडूंना नेमकं काय हरवलंय ते बोट ठेवून सांगता येत होतं, जसं २०१५मध्ये इंधनाबद्दल सांगता आलं होतं. पहिल्या प्रतीक्षेने त्यांना हे ज्ञान दिलं होतं. दुसरीने फक्त दिवस मोजायला लावले.

आज तुमच्यापैकी अनेक जण त्याच टेक-टूच्या जीटीए ६ची वाट पाहत असतील. डिसेंबर २०२३मध्ये पहिला ट्रेलर आला. आधी २०२५ सांगितलं, मग २०२६. ट्रेलरची एकेक चौकट थांबवून बघण्यात मजा आहे, ती सोडा असं कोण म्हणेल? पण तारीख कंपनीच्या हातात असते आणि कंपनी कुणाच्या हातात जाईल हे तिलाही ठाऊक नसतं. आपल्या हातात आधीचे गेम असतात: ते चालू ठेवणं, त्यांच्यात भर घालणं, त्यांतलं काय चांगलं होतं ते नेमकं ओळखणं आणि नव्या माणसाला शिकवणं.

१९९९चा होमवर्ल्ड आजही चालतो. तिसऱ्या मिशनमध्ये खराक आजही जळतो आणि खेळाडू आजही त्या शीतपेट्या एकेक करून ओढून आणतो. त्या सगळ्या वाचवता येतात. घाई मात्र करावी लागते.